म्हशीच्या स्वप्नाचा पंचनामा

१९९७ साली जिल्हा कला प्रदर्शनात ‘अतिवास्तववाद’ असा नवा विभाग मंजूर झाला आणि शिवाजी पेठेतले हंगामी चित्रकला शिक्षक प्रसेनजीत यांनी त्यासाठी रीतसर एक चित्र सादर केले. चित्रात एक म्हैस साखर कारखान्याचे धुराडे पाठीवर घेऊन रंकाळा तलावावरून उडत होती. निवडीचा दाखला आणलात तर नोकरीत कायम करू, असे शाळेने त्यांना सांगितले होते.

प्रदर्शनाचे अधिकारी दत्तप्रसाद अभ्यासू गृहस्थ. त्यांनी विषयाची पुस्तिका दोनदा वाचली होती. पहिल्या महायुद्धात शहाण्यासुरत्या लोकांनी नकाशे पसरून लाखो माणसे मारली, म्हणून पॅरिसच्या काही कवी-चित्रकारांनी असल्या शहाणपणाला रामराम ठोकला आणि ते स्वप्नांकडे वळले, हे त्यांना बरोबर कळले होते. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्षही बिनतोड होता: चित्र खऱ्या स्वप्नातलेच हवे आणि तसा पुरावा जोडलेला हवा.

त्यांनी स्वप्नाची तारीख, ठिकाण आणि साक्षीदार मागितला. स्वप्नात आपण एकटेच होतो, असे प्रसेनजीत म्हणाले. म्हैस होती, हे साहेबांनी नजरेस आणून दिले आणि तिच्या मालकासाठी फळ्यावर नोटीस लावली.

तिसऱ्या दिवशी गंगावेशीत दूध विकणाऱ्या तानाबाई आल्या. चित्र निरखून म्हणाल्या, “ही माझीच म्हस हाय. आठवडा झाला दूध कमी देतीया. ह्यांच्या सपनात उडत हुती व्हय?”

तानाबाईंची लेखी हरकत आल्यामुळे म्हैस पुसावी लागली. म्हैस गेल्यावर धुराडे कशाच्या आधाराने हवेत आहे, याचा खुलासा होईना, म्हणून चित्रच बाद झाले. प्रसेनजीत रडकुंडीला आले. तेव्हा साहेबांनी मोठ्या मनाने तोडगा काढला: समितीसमोर, कामाच्या वेळेत, नवे स्वप्न पाहावे. कार्यालयात झोपायची सोय होतीच. दोन टेबले अनुभवी कर्मचाऱ्यांनी आधीच अडवली होती, तिसरे प्रसेनजीतना मिळाले.

उठल्यावर त्यांनी पाहिले तसे रंगवले. दाखल्यांच्या खिडकीत कारकून कृष्णात बसला आहे. तो अर्ज घेतो, वाचतो, शिक्का मारतो, हातात दाखला देतो आणि हसून आणखी काही काम आहे का विचारतो.

समितीने चित्र जवळून पाहिले, लांबून पाहिले. मग दत्तप्रसाद म्हणाले, “हा अस्सल अतिवास्तववाद. यात तर्काचा लवलेशही नाही.”

चित्र एकमताने निवडले गेले. दाखला मात्र खिडकीतूनच घ्यायचा होता, कृष्णात रजेवर होता आणि खिडकी बंद होती. चित्र शेजारच्याच भिंतीवर लावले होते आणि त्यातली खिडकी उघडी होती. हळूहळू लोक अर्ज घेऊन चित्रासमोर रांगेत उभे राहू लागले. सगळ्यात पुढे खुद्द प्रसेनजीत.

मला त्यांची दया आली. मास्तर, हे तुम्हीच काढलेले चित्र आहे, असे सांगायला मी पुढे झालो, तर, वाचकहो, रांगेतून तुम्हीच खेकसलात, “ओ पावणं, मधी घुसू नका. लाइनीत या की.”