जानूदादांना केलेली मदत

जानूदादांची शोकसभा घ्यायचं प्रफुल्लने ठरवलं, कारण दादांनी स्वतः आधीच उरकून ठेवली नव्हती अशी तेवढी एकच गोष्ट उरली होती. सरणाची लाकडं त्यांनी दोन वर्षांपूर्वीच फोडून पडवीमागे रचली होती. फोटोला फ्रेम करून भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. गेले तेही शुक्रवारी. त्या दिवशी बोईसरला प्रफुल्लच्या कारखान्याला सुट्टी असते. सकाळी जाळं सांधून, दुपारी जेवून, ताट धुऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. बापासाठी रजा टाकून धावत यायची संधीही पोराला मिळाली नाही.

पंचेचाळीस वर्षांत ती कधीच मिळाली नव्हती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायला तो गाडी घेऊन गावी पोचला, तेव्हा दादा डोळ्यावर पट्टी बांधून एसटीतून उतरत होते. नात मोनालीने हौसेने काठी आणली, ती त्यांनी दुसऱ्याच दिवशी कलंडलेल्या पपईला टेकू म्हणून लावली. नातीचं मन राखायला पपईचं पहिलं फळ मात्र तिलाच दिलं. प्रफुल्लला एवढंच हवं होतं की, हा माणूस कुणापुढे हात न पसरता जगला, हे एकदा चारचौघांत मोठ्याने म्हटलं जावं. बापासाठी केलेलं तेवढं एक काम आपल्या नावावर राहील.

"भाषणा कशाला रे?" नर्मदा, म्हणजे त्याची आई, म्हणाली. "त्यांना कुनी काय बोललेला आवडायचा नाय."

पण प्रफुल्लने देवळासमोर मांडव घातला, खुर्च्या आणल्या आणि तीन वक्ते ठरवले. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन निमेश, पंचायतीचा मेंबर दर्पण आणि शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. चूक इथे झाली. तारापूरच्या अलीकडच्या त्या खाडीकाठच्या गावात भाषण म्हणजे आपण काय दिलं ते सांगणं. उद्घाटन असो, हळदीकुंकू असो की शोकसभा, वक्त्यांना दुसरा प्रकार ठाऊकच नव्हता.

निमेशने सुरुवात केली. दादांचं जाळं वादळात गेलं तेव्हा सोसायटीने त्यांना नवं जाळं देऊन उभं केलं, असं त्याने सांगितलं. दिलं होतं हे खरं. गाठी ढिल्या आहेत म्हणून दादांनी ते दुसऱ्या दिवशी परत नेऊन टाकलं आणि महिनाभर बसून स्वतःचं विणलं, एवढं सांगायचं त्याच्याकडून राहिलं. सोसायटीला टाळ्या पडल्यावर पंचायत मागे कशी राहणार? दर्पण म्हणाला की गावच्या विहिरीचा गाळ दादा दरवर्षी काढायचे, तेव्हा पंचायत त्यांच्या पाठीशी उभी असायची. उभी असायची, यात शंका नाही. काठावर, फोटोपुरती. मग गुरुजींनी दादांना सही करायला आपणच शिकवल्याचं सांगितलं. दादा गुरुजींपेक्षा नऊ वर्षांनी मोठे होते आणि गुरुजी गावात येण्याआधीपासून सही करत होते.

इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण निमेशला बोटीचं इंजिन आठवलं, म्हणून तो पुन्हा माईकवर आला. त्यावर दर्पणला दादांच्या घराचं छप्पर आठवलं. तासाभरात दादांच्या नावावर त्यांच्या हातांपलीकडे काही उरलं नाही, आणि ते हातही सहीपुरते गुरुजींच्या ताब्यात गेले.

मागच्या रांगेत प्रफुल्लच्या सासरची, माकुणसारची मंडळी बसली होती. त्यातली एक म्हातारी नर्मदेचा हात धरून कळवळून म्हणाली, "गाव चांगला हाय बाय तुमचा. एकट्यानं कसा निभावला असता बिचाऱ्यानं."

नर्मदेने हात सोडवून घेतला आणि प्रफुल्लला खूण करून बोलावलं. "तुझ्या बापाला बिचारा म्हनतात," ती म्हणाली. "बंद कर ते."

प्रफुल्ल आभाराला उठला तो पेटूनच. बापाची सगळी कमाई त्याने स्वतः मांडव घालून लोकांना वाटून टाकली होती, आणि त्याला अगदी रडू येत होतं. तो म्हणाला, "दादांना एवढी मदत झाली हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. यंदाचा गाळ काढायचा राहिलाय. उद्या सकाळी सात वाजता सगळ्या मदत करणाऱ्यांनी विहिरीवर यावं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात त्या तिघांनीच वाजवल्या.

सकाळी सातला विहिरीवर प्रफुल्ल होता, फावडं होतं आणि घमेलं होतं. साडेसातला निमेशचा फोन आला की बोट लागतेय, थोडा उशीर होईल. दर्पणला कोळगावला मीटिंग निघाली. गुरुजींचा गुडघा धरला. आठ वाजता प्रफुल्लने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दगडातल्या खाचांत पाय रोवत तो बारा फूट खाली उतरला. घमेलं भरायचं, त्याला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक कमरेला बांधून वर यायचं, घमेलं ओढून ओतायचं, परत उतरायचं. दादांची हीच रीत होती. दादा ऐंशीव्या वर्षी हे दिवसाला चाळीस वेळा करायचे. प्रफुल्लचं सहाव्या खेपेला पोट आडवं यायला लागलं. नवव्या खेपेला तो निम्म्यावर अडकला. वर जाता येईना, आणि पुन्हा तळाशी गेलो तर बसूनच राहू अशी भीती वाटायला लागली.

दहा वाजता मदत आली. निमेश, दर्पण, गुरुजी, 'जानूदादा स्मृती श्रमदान' असा फ्लेक्स आणि एक फोटोग्राफर. कठड्याशी फ्लेक्स धरून तिघांचे फोटो झाले. मग कुणीतरी खाली पाहिलं.

दर्पणने लगेच बाह्या सावरल्या आणि वाकून हात पुढे केला. फोटोग्राफरनेही जागा धरली. "प्रफुल्लशेठ, हात द्या. वर घेतो."

प्रफुल्लने मान वर केली. त्याने तो स्वच्छ हात पाहिला. तो धरला तर पुढची दहा वर्षं कुठल्या कुठल्या शोकसभांत त्या हाताची गोष्ट निघेल, हेही त्याला दिसलं.

"नको," तो म्हणाला. "माझं मी येतो."

ते अर्धा तास थांबले. नर्मदा आणि मोनाली चहाची किटली घेऊन आल्या, तेव्हा निमेश वैतागून म्हणाला, "काकी, सांगा ना त्याला. हात देतो तर घेत नाय."

नर्मदेने कठड्यावर वाकून पाहिलं. चिखलात माखलेला पोरगा ओठ आवळून पुढची खाच चाचपत होता. तेरा दिवस कुणासमोर न रडलेली ती बाई तिथेच कठड्याला टेकून बसली. पदर डोळ्यांना लावून हसते आहे की रडते आहे, हे मोनालीला कळेना. मोनाली पोहऱ्याचा दोर टाकायला पुढे झाली, तसं आजीने तिचं मनगट धरलं.

"राहू दे गं. येल तो," ती म्हणाली. "तुझ्या आज्याला पन पयल्या वर्षाला वर यायला दुपार झालेली."

हे खाली नीट ऐकू गेलं. प्रफुल्लने वरची खाच सोडली, तो पुन्हा तळाशी उतरला आणि त्याने आणखी एक घमेलं भरायला घेतलं.