गच्चीवरची गाळणी

सावंतमावशींच्या घरी चहा फडक्यातून गाळतात. घरात गाळणी नाही असं नाही, चांगल्या तीन आहेत. पण तिन्ही गच्चीवर असतात. पाण्याच्या टाकीला बांबू बांधलाय, त्यावर त्या बसवल्यात आणि तिघींचीही तोंडं शहाडच्या दिशेला आहेत.

पहिली मोठी, जाळीची, लग्नकार्यात चहा गाळायला वापरतात तसली. ती कमी पडली म्हणून तिच्या जोडीला दुसरी आली. तिसरी घरातली रोजची, ती निव्वळ प्रयोग म्हणून वर गेली आणि परत आलीच नाही. जाळीच्या मधोमध बोटाएवढं वायफायचं यंत्र बांधलेलं असतं. डिशचं काम गाळणी करते, असं मावशी सांगतात. तिकडे शहाडला त्यांचे जुने सहकारी नाईक यांच्या गच्चीवर अशीच एक गाळणी इकडे तोंड करून उभी आहे. इकडच्या या तीन आणि तिकडची ती एक आपसात बोलतात. मधे कुठली कंपनी नाही, कुठली तार नाही.

"पण बोलता काय तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"मी लिहिते, 'पोचलं का?' ते लिहितात, 'पोचलं.'"

"मग?"

"मग काय? पोचलं की."

मावशी आमच्या समोरच्या दारात राहतात. आमची बिल्डिंग कल्याणची, जुनी, चार मजली, लिफ्ट नसलेली. मावशी टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाल्या. सावंतकाका त्याआधीच गेलेले, मूलबाळ नाही. रिटायर झाल्यावर बायका देवदेव करतात किंवा गुडघे सांभाळतात. मावशींनी कॉम्प्युटर सांभाळायला घेतले. लोकांनी भंगारात काढलेले कॉम्प्युटर त्या जिन्यात अडवून घरी नेतात, त्यांचं झाकण उघडतात, ब्रशने धूळ काढतात आणि त्यात लिनक्स ही फुकटची, कुणालाही आत डोकावता येणारी प्रणाली घालतात. त्यांच्या पर्समध्ये किल्ल्यांच्या जुडग्यात स्क्रूड्रायव्हर असतो. कुणाच्या हळदीकुंकवाला गेल्या तरी आधी त्या घरातल्या राउटरचे दिवे बघतात, मग यजमानीणबाईंकडे.

"उघडून तर बघू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मिक्सर असो, इन्व्हर्टर असो, सोसायटीच्या पंपाचा टायमर असो. जे उघडता येत नाही त्यावर त्यांचा विश्वास नाही. विकतचं सॉफ्टवेअर त्या वापरत नाहीत, आणि फुकट मिळालेलं चोरीचं तर मुळीच नाही. "घर विकत घ्यायचं, आणि बिल्डर म्हणतो माळ्यावर चढायचं नाही. असलं घर मी घेईन का गं? माझ्या प्रोग्रॅमचा माळा मला बघता यायला हवा. तिथे झुरळ असेल तर मीच मारीन."

या सगळ्यात एक माणूस त्यांच्या विरोधात ठामपणे उभा होता. तो म्हणजे माझे बाबा.

बाबा सोसायटीचे सेक्रेटरी होते. नोकरी छापखान्यात केली, मुद्रितं तपासायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतल्यामुळे रिटायर झाल्यावरही ती सवय सुटली नाही. सकाळचा पेपर लाल पेन घेऊन वाचायचे. लग्नपत्रिका आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ बघायचे, मग तारीख. गच्चीवर पहिली गाळणी लागली तेव्हा त्यांनी नोटीसबोर्डावर लावलं: 'गच्चीवर स्वयंपाकघरातील भांडी ठेवू नयेत.' दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली मावशींच्या अक्षरात उत्तर: 'सदर भांडे स्वयंपाकघरातील नसून दळणवळणाचे आहे.'

बाबांना राग आला, पण उत्तरात एकही चूक सापडली नाही म्हणून जास्त आला.

पुढे वर्षानुवर्षं हे चाललं. दोघं जिन्यात भेटली की भांडायची. बाबांचा आवाज खणखणीत, तळमजल्यावरचा वॉचमन मान वर करून ऐकायचा. मावशी शांतपणे "बरं, सेक्रेटरी," म्हणायच्या आणि चौथ्या मजल्यावरून आणखी वर निघून जायच्या. बाबांनी सेक्रेटरीपद सोडलं तरी त्या सेक्रेटरीच म्हणत राहिल्या.

मग बाबांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. आवाज गेला. कायमचा.

घरी आल्यावर आईने त्यांना पाटी आणून दिली. सुरुवातीला ते लिहायचे. 'पाणी.' 'पंखा कमी कर.' शेवटी पूर्णविराम न चुकता. पण पाटीवर भांडता येत नाही. लिहून होईपर्यंत समोरचा माणूस स्वयंपाकघरात गेलेला असतो. हळूहळू पाटी कोनाड्यात गेली. पाहुणे यायचे, त्यांच्याकडे बघून मोठ्याने आणि सावकाश बोलायचे, जणू त्यांचे कानच गेलेत. बाबा मान हलवायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. मी घोडबंदर रोडच्या ऑफिसमधून ट्रॅफिक तुडवत घरी यायचे तेव्हा दिवसभरात त्यांनी काय सांगितलं, असं आईला विचारायचे. आई म्हणायची, काही नाही.

एका सकाळी आईने मला पेपर आणून दाखवला. पहिल्या पानावर मथळ्यातच चूक होती. लाल खूण नव्हती. ती म्हणाली, "मेघा, मला भीती वाटायला लागलीय गं यांची."

त्याच आठवड्यात सावंतमावशी भेटायला आल्या. तब्येत विचारली नाही, धीर धरा म्हणाल्या नाहीत. खुर्ची ओढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "सेक्रेटरी, गच्चीवर अजून एक बांबू लावलाय. तुमची नोटीस नाही आली ती."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि परत भिंतीकडे पाहिलं. मावशी थोडा वेळ बसल्या. मग चहा न घेता उठल्या.

चारपाच दिवसांनी परत आल्या त्या एक जाडजूड जुना लॅपटॉप छातीशी धरून. त्याच्या कोपऱ्याला चिकटपट्टी होती. प्रत्येक बटणावर मराठी अक्षराचा कागद चिकटवलेला. लॅपटॉप त्यांनी बाबांच्या मांडीवर ठेवला. "यात तुम्ही लिहा आणि हे बटण दाबा. तो बोलेल. फुकटचा प्रोग्रॅम आहे, पण चोरीचा नाही. जगातल्या लोकांनी मिळून केलाय."

बाबांनी हात लावला नाही. मावशी आत जाऊन आईशी बोलत बसल्या. आम्ही तिघी स्वयंपाकघरात, कुणीही बाहेर बघायचं नाही असं न ठरवता ठरवलेलं. बऱ्याच वेळाने बाहेरून एका बुवाचा आवाज आला. सपाट, नम्र, बातम्या दिल्यासारखा.

"यापेक्षा जरा चांगला आवाज नव्हता का?"

आई ओट्याला धरून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. ऑपरेशननंतर बाबांनी बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि ती तक्रार होती.

आम्ही बाहेर आलो तर बाबांचा चेहरा लाल. ते भराभर टाईप करत होते. यंत्र म्हणालं, "याचा उच्चार अशुद्ध आहे."

खरंच होता. 'जरा'मधला ज त्याने 'जिलबी'तल्यासारखा काढला होता आणि 'चांगला'मधला च 'चिंचे'तला. मराठीत च, ज आणि झ दोन-दोन तऱ्हेने बोलतात हे त्या यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं. कालच गावात आलेल्या पाहुण्यासारखं ते बोलत होतं.

मावशी खूश झाल्या. त्यांच्या तोंडावर झुरळ सापडल्याचा आनंद. "अहो, मग उघडून बघू. हा उघडा प्रोग्रॅम आहे, आपण सुधारू शकतो. तुम्ही चूक काढा, मी आत घालते."

तिथून पुढे आमच्या घरातल्या दुपारी बदलल्या. जेवण झालं की मावशी यायच्या. बाबा शब्द लिहायचे, यंत्र बोलायचं, बाबा मानेने नाही म्हणायचे आणि मावशी तो शब्द कसा बोलायचा ते प्रोग्रॅमच्या आत जाऊन लिहायच्या. जावई, चमचा, जुना, चोर, माझा. सगळ्यात आधी त्यांनी 'चूक' दुरुस्त केला, कारण चूक हा शब्दच चुकीचा येतो म्हटल्यावर बाबांना रात्रीची झोप लागेना. 'चार' बरोबर होता, म्हणून सोडला. 'चारा' बिघडलेला होता, म्हणून धरला. आता हा शब्द आमच्या कल्याणमध्ये कधी लागणार, असं मी म्हणाले तर यंत्र म्हणालं, "प्रश्न गरजेचा नाही." मी गप्प बसले. इतक्या महिन्यांनी बाबांनी मला गप्प बसवलं होतं आणि मला फार बरं वाटलं.

भांडणंही परत सुरू झाली. मावशी मूळच्या सावंतवाडीकडच्या. काही शब्द त्या त्यांच्या पद्धतीने घालायच्या आणि बाबांना सापडायचं. अडचण एवढीच की यंत्राला रागावता येत नसे. "सावंतबाई, तुम्ही हेकट आहात," हे ते इतक्या अदबीने म्हणायचं की मावशी "धन्यवाद" म्हणायच्या. मग बाबा आवाजाचं बटण शेवटपर्यंत वाढवून तेच वाक्य परत लावायचे. वॉचमनने आईला विचारलं, "काका परत बोलायला लागले काय?" आई म्हणाली, "हो रे बाबा. लागले."

दुरुस्त केलेले शब्द मावशींनी तो प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या लोकांकडे पाठवले. परदेशातून कुणाचं तरी दोन ओळींचं उत्तर आलं. तुमच्या दुरुस्त्या घेतल्या, आता सगळ्यांना मिळतील, आभार. मावशींनी ते वाचून दाखवलं. बाबांनी लाल पेन मागून घेतलं आणि बाजूला पडलेल्या पेपरातला एक मथळा दुरुस्त केला. उगाच, काहीतरी करायला हवं म्हणून. आईने ते पाहिलं आणि देवापाशी साखर ठेवली. मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तेव्हा त्या तीन गाळण्यांच्या बांबूला हात लावून नमस्कार केला. कुणी बघत नव्हतं.

मागच्या महिन्यातली गोष्ट. शनिवार होता, आईने अळूवड्या केल्या होत्या. त्या द्यायला मी समोर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून बाबांच्या यंत्रातल्या त्या बुवाचाच आवाज आला.

"शरयू, जेवलीस का?"

मग परत, "शरयू, बाहेर ऊन आहे. छत्री घेऊन जा."

मला वाटलं, कुणी पाहुणी आलीय. दार ढकललं तर मावशी एकट्याच. टेबलाशी पाय वर घेऊन बसलेल्या, चष्मा कपाळावर. मला बघून त्यांनी घाईने स्वतःचा लॅपटॉप मिटला.

"टेस्टिंग," त्या म्हणाल्या. "टेस्टिंग चालू होतं. यू ओढतंय जरा."

शरयू म्हणजे त्याच, हे समजायला मला क्षणभर वेळ लागला. इतकी वर्षं समोरासमोर राहून मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. दारावरच्या पाटीवर नुसतं 'सावंत' आहे.

त्यांनी डब्यातली एक वडी खाल्ली. दुसरी हातात धरून म्हणाल्या, "भाऊ होता तोवर दर रविवारी फोन यायचा त्याचा. 'काय गो शरयू' म्हणायचा. तो गेला गेल्या वर्षी." वडी त्यांनी डब्यात परत ठेवली. "बाकी सगळीकडे मी सावंतबाई नाहीतर मॅडम. मावशी. वाईट काही नाही गं त्यात. पण नाव कानावर पडायचं बंद झालं. मग म्हटलं, यंत्र आहे घरात. आईला सांग, वड्या छान झाल्यात."

मी घरी आले आणि स्वयंपाकघरात आईला हे सगळं हळू आवाजात सांगितलं. बाबा बाहेर पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. पण बाबांचे कान शाबूत आहेत, हे पाहुण्यांसारखं आम्हीही कधीकधी विसरतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी नेहमीसारख्या आल्या. लॅपटॉपची वायर सैल झाली होती, ती बघायला टेबलाखाली वाकल्या. बाबा टाईप करत होते. एरवी झटपट करतात. त्या दिवशी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, चष्मा पुसून वाचून पाहिलं. मग बटण दाबलं.

"शरयू, आधी चहा घे. काम नंतर."

टेबलाखाली वायरशी चाललेली खुडबुड थांबली. आई चहाचा कप घेऊन दारातच उभी राहिली. मावशींचा आवाज खालूनच आला. त्या बाहेर आल्या नाहीत.

"सेक्रेटरी, मला नीट ऐकू नाही आलं. परत लावा बघू."

बाबांनी परत लावलं. आणि त्या काही म्हणायच्या आत, आणखी एकदा.