दादारावांचा खराटा

दादाराव इंगळे सामन्याआधी गोल झाडतात. अगदी खरोखरचा खराटा घेऊन. दर रविवारी सातच्या आधी त्यांची सायकल मैदानात येते, कॅरिअरला खराटा आणि हँडलला बादली. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत झाडायचं, खडे वेचायचे, सडा टाकायचा आणि मग गोलात उभं राहायचं.

"घर साफ असलं का पाव्हना बिचकते," असं त्यांचं म्हणणं. पाहुणा म्हणजे चेंडू. तो बिचकत नाही. मागच्या मोसमात एकेचाळीस वेळा आत आला, माझ्या वहीत नोंद आहे.

मी या संघाची व्यवस्थापक. आमचे हे, म्हणजे अ‍ॅडव्होकेट देशमुख, कप्तान. जठारपेठेतले दोन वकील, एक औषधवाला, काही मास्तर आणि कापसाच्या जिनिंगमधले मुकादम दादाराव असा आमचा संघ. यातल्या कोणालाही नीट पळता येत नाही. निदान याद्या तरी नीट असाव्यात म्हणून मी एका रविवारी आले ती राहिलेच. पाण्याच्या बाटल्या, गुडघ्याचे पट्टे, रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं माझ्या यादीत असतं. राखीव गोलकीपर तेवढा नाही.

यंदा एका वाहिनीनं रविवारी खेळणाऱ्या हौशी संघांवर रिअ‍ॅलिटी शो काढला आणि त्यात आम्हाला घेतलं. मुंबईहून तन्वी नावाची दिग्दर्शिका आली. तिनं पहिल्याच रविवारी दादारावांना झाडताना पाहिलं आणि आमच्या कप्तानाकडे पाठ फिरवली. तीन रविवार कॅमेरा फक्त खराट्यामागे. आमचे हे केस काळे करून आले होते, ते वाया गेले.

दादाराव तिला दर वेळी एकच प्रश्न विचारायचे. "पोरी, हे अकोटले दिसन काय?"

"काका, सगळीकडे दिसेल."

"सगळीकडचं नाई विचारून राह्यलो. अकोटले?"

सगळे हसायचे. अकोट त्यांची सासरवाडी. सुमनताई, म्हणजे त्यांची बायको, दिवाळीपासून तिथेच होत्या. 'आईचं आजारपण' असं दादारावांनी सांगितलं होतं आणि मी ते वहीत तसंच लिहिलं होतं.

शोसाठीचा शेवटचा सामना अमरावतीला. आदल्या दिवशी, शनिवारी, तन्वीनं रविवारचा पहिला शॉट समजावला. संघ बसकडे चालत निघणार, आणि मागे दादाराव एकटेच मैदान झाडत राहणार. मग खराटा टेकवून तेही बसमध्ये चढणार.

"नाई जमत," दादाराव म्हणाले.

"काका, एरवी तर झाडता!"

"मानसं यायच्या आधी झाडतो. मानसं गावाले निघाले अन् मागून केर काढू? मैत निघाल्यावर काढतात तसा?"

"दादाराव, बाप्पा, शूटिंग आहे!" आमचे हे ओरडले. "काहून अडून राह्यले? दोन मिनिटांचं काम!"

"वकीलसायेब, तुमी गाडीत बसलेले असान. झाडनारा मी हावो."

तन्वीनं फोन करून वरच्यांना विचारलं. परत आली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. काकांची सगळी गोष्ट या शॉटवर संपते. तो मिळाला नाही तर काकांचा पूर्ण भाग कापला जाईल. उद्या सकाळी सातपर्यंत काय ते सांगा.

दादारावांनी सायकल काढली आणि गेले. मागे संघात भांडण पेटलं. मी वहीत 'दादारावांना समजावणे' असं लिहिलं आणि संध्याकाळी त्यांच्या घरी गेले.

दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि थांबले. मैदान आरशासारखं ठेवणाऱ्या माणसाच्या घरात बोटभर धूळ. त्या धुळीत एकच पायवाट, दारापासून खाटेपर्यंत आणि खाटेपासून शेगडीपर्यंत. झाडू खिळ्याला टांगलेला, त्यावर कोळ्यानं जाळं विणलेलं.

"बसा वैनी," त्यांनी खाट झटकली.

मी मुद्द्यांची यादी नेली होती. ती पर्समध्येच राहिली. "भाऊजी, हे काय?"

ते उंबऱ्याशी टेकले. मग म्हणाले, "आईगिईले काई झालं नाई. सुमनच्या भाचीच्या साखरपुड्याले गेलो नाई, म्याच होती. ते चिडली, पिशवी भरली, आटोत बसली. मले बी राग आला. आटो वळायच्या आत झाडू घेतला अन् देवघरापासून दारापर्यंत केर काढला. तिच्या मागून." त्यांनी खिळ्याकडे पाहिलं. "तवापासून हात नाई लावला. ते बी नाई आली."

"म्हणून अकोट?"

"तिले दिसलो असतो तं दिसलो असतो," ते म्हणाले. "पन अकरा मानसाच्या मागून नाई झाडत मी, वैनी."

रविवारी पावणेसातला बस उभी होती. खराटा नव्हता. मी तन्वीला सांगितलं, शॉट होणार नाही.

"काका, मग तुम्ही शोमध्ये नसाल. खरंच नसाल," ती म्हणाली. तिलाही ते जड जात होतं.

"अकोटले बी नाई?"

"नाही."

दादारावांनी मैदानाकडे एकदा पाहिलं, बसकडे एकदा. "चला," म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी चढले.

अमरावतीत आम्ही चार गोलांनी हरलो. संध्याकाळी परत आल्यावर मी वहीतलं पुढचं काम केलं. अकोटला फोन लावला.

झाली ती गोष्ट सांगितली. सुमनताई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मी आटोतून पाह्यलं होतं त्याले झाडताना. म्हनून तं आली नाई."

मी वही मिटली. त्यांनीच पुढे विचारलं.

"बसमागून झाडलं नाई त्यानं?"

"नाही."

"टीवीत येत होता तरी?"

"तरी."

"बरं. ठेवते," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या रविवारी साडेआठला सामना होता आणि दादारावांचा पत्ता नव्हता. गोलात कागद, काटक्या, कडुलिंबाची पानं. पंच शिट्टी तोंडात धरून उभे. आमचे हे माझ्याकडे पाहत होते, जणू गोलकीपर माझ्या पर्समध्ये आहे.

पाच मिनिटं उशिरानं सायकल आली. कॅरिअर रिकामं. दादारावांच्या केसांत जाळी, भुवया धुळीनं पांढऱ्या.

"खराटा कुठाय?" हे ओरडले.

"घरी," दादाराव म्हणाले. "घर झाडून राह्यलो होतो." मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वैनी, अकोटहून येनारी गाडी किती वाजता लागते?"

"दहाला," मी म्हणाले.

तो सामना आम्ही न झाडलेल्या गोलात खेळलो आणि सात गोल खाल्ले. माझ्या वहीत नोंद आहे. त्यातले तीन पावणेदहानंतरचे. तेव्हा गोलात कोणीच नव्हतं.