दुसऱ्या मजल्यावरची स्वारी

दूध मंद आचेवर ठेवून बाणसर कात्री घेऊन बाल्कनीत निघाले, तेव्हा त्यांच्या अंगात बनियन होतं, कमरेला टॉवेल होता आणि डोक्यात युद्ध होतं.

बाणसर म्हणजे निवृत्त इतिहासशिक्षक. कोणाची स्वारी कुठून आली आणि कुठे फसली, हे फळ्यावर खडूचे बाण काढून शिकवण्यात त्यांची हयात गेली. नाव मुलांनी ठेवलं आणि पुढे इमारतीनं उचललं. पत्नी गेल्यापासून सर एकटे राहत आणि आक्रमणाबद्दल त्यांचे विचार फार विस्तारले होते. आक्रमण काही फक्त फौजफाटा घेऊनच होतं असं नाही, असं ते म्हणत. शेजारी उघड्या दारातून आत डोकावतात, तेही आक्रमणच, नजरेचं. आणि खालच्या मजल्यावरच्या शिवणबाईंनी लावलेली वेल त्यांच्या कठड्यापर्यंत आली होती, ते मुळांचं आक्रमण. ही जात परमुलखातली आहे, जिथे जाते तिथली झाडं गिळून टाकते, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती.

सरांनी बंदोबस्त चोख ठेवला होता. पुढच्या दाराला आतून तीन कड्या. बाल्कनीतून बाईंचं मांजर येतं, म्हणून त्या दाराला पत्रा ठोकून वर खटका, दार लागलं की आपोआप बसणारा आणि फक्त आतून उघडणारा. वेलीसाठी रोज सकाळी कात्री. कापलेले शेंडे ते खाली बाईंच्या बाल्कनीत टाकत आणि बाई ते मुकाट्यानं झाडून काढत. बाईंनी वेलीला चढायला भिंतीवर लोखंडी जाळी बसवली, तेव्हा सर तडक चेअरमनकडे गेले आणि किल्ल्याला शिड्या लावतात त्या अशाच, असं त्यांनी सोदाहरण पटवून दिलं. चेअरमन म्हणाले बघतो, आणि त्यांनी काही बघितलं नाही. बाईंच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या आणि बोलणं बंद झालं.

आज सरांची लेक येणार होती, आणि येताना कॅमेरा आणणार होती. मागे एकदा दुधाचं भांडं जळून घरभर धूर झाला होता, तेव्हापासून तिनं जिवाला लावून घेतलं होतं. स्वयंपाकघरात कॅमेरा बसवायचा आणि ऑफिसातून अधूनमधून बघत जायचं, असं तिच्या मनात होतं. आपल्याच घरात कैद्यासारखं राहायचं या कल्पनेनं सरांच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी तह झाला. लेक येऊन घर बघेल. सगळं ठीकठाक दिसलं तर कॅमेरा तसाच परत नेईल. पण एक जरी भांडं जळलेलं सापडलं, तर भिंतीला भोक पडणार.

म्हणून तर सरांनी दूध मंद आचेवर ठेवलं होतं. दोन शेंडे कापून लगेच आत यायचं.

पहिला शेंडा कापला आणि वारा आला. दार धाडकन लागलं आणि खटका इमानदारीनं बसला.

सरांनी दार ओढलं. मग ढकललं. मग दाराला समजावलं. बाल्कनीकडे उघडणाऱ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला गज होते. त्यातून खटका दिसत होता, पण हात पोचत नव्हता. शेगडीही दिसत होती. दूध हळूहळू वर येत होतं. सरांनी कापलेला सर्वांत लांब शेंडा गजातून आत घातला आणि त्यानं खटका उचलायचा प्रयत्न केला. शेंडा मान टाकून लोंबकळला. आपण दररोज इतक्या लेच्यापेच्या शत्रूशी लढत होतो, याचं त्यांना त्याही अवस्थेत वाईट वाटलं.

आता हाक मारायची तर बोलणं बंद. सरांनी घसा खाकरला, कठड्यावर कात्री वाजवली, पण खाली सामसूम. दूध कडेवरून ओघळू लागलं तेव्हा सरांनी मान खाली घातली आणि वेल धरून गदागदा हलवली.

शिवणबाई गळ्यात टेप अडकवलेल्या तशाच बाहेर आल्या.

"आता उपटताच का मुळापासून?" त्यांनी वर न बघताच विचारलं.

"बाई, मी बाहेर अडकलोय."

बाईंनी वर पाहिलं. बनियन दिसलं, टॉवेल दिसला, मागून येणारा धूर दिसला. बोलणं बंद आहे हे त्या तिथल्या तिथे विसरल्या.

"पुढून येते मी."

"नका येऊ. आतून तीन कड्या आहेत."

"तीन? आत आहे तरी काय एवढं?"



नशिबानं बाईंकडे नळ दुरुस्त करायला प्लंबर आलेला होता. त्यानं जाळी हलवून पाहिली, हातातला पाइप पाठीला बांधला आणि वेलीच्या पानांतून वाट काढत तो सरसर वर आला. ज्या शिडीविरुद्ध सरांनी तक्रार केली होती, तिच्यावरून त्यांच्या गडावर पहिला माणूस चढला, आणि सरांनी त्याला दोन्ही हातांनी वर ओढून घेतलं. गजातून पाइप आत घालून त्यानं खटका उचलला. सर धुरात शिरले, शेगडी बंद केली आणि एकेक करत तिन्ही कड्या काढल्या.

मग सगळी इमारतच आत आली. चेअरमननी खिडक्या उघडल्या. समोरच्या आजींनी पंखा लावला आणि दमून खुर्चीत बसल्या. मांजर उघड्या दारातून येऊन सरांच्या पलंगावर बसलं. बाईंनी पदर खोचून जळकं भांडं घासायला घेतलं, पण ते काही निघेना.

"लेक येतेय," सर अंगात शर्ट चढवत पुटपुटले, आणि त्यांनी कॅमेऱ्याची सगळी हकीकत सांगून टाकली. एवढ्या माणसांपुढे आपलं दुखणं सांगण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. कोणी हसलं नाही. एवढ्यात लेक दारात उभी राहिली.

तिनं धूर पाहिला, माणसं पाहिली, मग बाईंच्या हातातलं भांडं पाहिलं.

"हे माझ्यामुळे झालं गं," बाई म्हणाल्या. "मी येते ना रोज चहाला. बोलत बसलो आणि दूध लागलं."

"रोज येता तुम्ही?"

"रोज म्हणजे रोज. विचार हवं तर."

चेअरमननी मान डोलावली. आजींनी डोलावली. प्लंबरला काही ठाऊक नव्हतं, तरी त्यानंही डोलावली. लेक सरांकडे बघत राहिली. मग कॅमेऱ्याचा खोका न उघडताच तिनं पिशवीत टाकला आणि सगळ्यांसाठी चहा ठेवला. सरांचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी घरी पोचल्यावर तिचा फोन आला.

"बाबा, प्लंबर वर चढत होता ना, तेव्हापासून मी फाटकात उभी होते."

सर म्हणाले, "तेव्हाच का नाही बोललीस?"

"इतकी माणसं तुमच्यासाठी खोटं बोलत होती, बाबा. मला किती बरं वाटलं. बाईकाकूंचा नंबर घेतलाय मी. चहाला आल्या होत्या का, ते रोज विचारणार त्यांना. आणि बाबा, शर्ट घातलात ते ठीक, पण खाली टॉवेलच होता."

फोन ठेवल्यावर आजची माणसं एकेक करून सरांना आठवत होती, आणि प्रत्येकाची आठवण झाली की डोळे भरून येत होते. मग ते उठले, पेचकस शोधला आणि पुढच्या दाराच्या दोन कड्या काढून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात शिवणबाई, मागे मांजर.

"शब्द देऊन बसलेय तुमच्या लेकीला. नाइलाज आहे," म्हणत त्या आत आल्या. चहाचं आधण ठेवल्यावर सर कात्री घेऊन बाल्कनीकडे निघालेले पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"आजही कापायचीच का?"

"सुतळी कापायचीय," सर म्हणाले. "काल प्लंबरच्या पायानं एक फांदी सुटलीय, ती बांधून घेतो. तुम्ही तेवढं दार धरून उभ्या राहा."