एका आण्याची तफावत

जमाखर्चाचा मेळ बसला नाही म्हणून नोकरी गेलेले कारकून मी पुष्कळ पाहिले आहेत. मेळ बसला म्हणून नोकरी सोडणारा मात्र एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या नशिबी शेजारी म्हणून आला. भिकाजीपंत हिशेबनीस.

वर्षाचा ताळेबंद पुरा झाला, शेवटची बेरीज पैला पै जुळली, की पंत बोरू पुसून पेटीत ठेवत, टोपी घालत आणि धन्यापुढे उभे राहून म्हणत, "मेळ बसला. आता इथं उरलं काय?" धन्याला वाटे, स्वारीला पगारवाढ हवी आहे. तो दोन रुपये वाढवायला तयार होई. पंत त्याच्याकडे अशा काही कीवेने बघत, की त्या बिचाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटे.

मी स्वतः कर्जतच्या मामलेदार कचेरीतला कारकून. पहिल्या दिवशी ज्या टेबलाशी बसलो त्याच टेबलाशी बारा वर्षं बसलो. मधे टेबलाचा एक पाय मोडला तो बदलला. मी बदललो नाही. याचा मला अभिमान होता. पंतांचं बिऱ्हाड नोकरीबरोबर हले, पण आमच्यापासून फार लांब जात नसे. संध्याकाळी पंत आमच्या ओसरीवर येत आणि त्या अभिमानाची पार माती करून जात.

"नाना, एकाच दफ्तरात जन्म काढायचा म्हणजे दर वर्षी बिगरीतच बसायचं. आकडे सगळीकडे तेच. पण धंदा बदलला की आकड्याची भाषा बदलते. भाताच्या गिरणीत मी भरडाईतली घट शिकलो. ठेकेदाराकडे हजेरीपट शिकलो. तुम्ही काय शिकलात?"

"वेळेवर पगार घ्यायला," मी म्हणे.

हे सगळं ते बसून बोलत नसत. ओसरीच्या ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत त्यांच्या फेऱ्या चालत. त्या फेऱ्यांनी जमिनीचं सारवण एका रेघेत उखडलं होतं, आणि आमच्या घरात दर शनिवारी "पंतांची रेघ" सारवायचं एक वेगळंच काम होऊन बसलं होतं.

भिवपुरीला विजेचं घर उभं राहिलं तेव्हा पंत तिथल्या एका कचेरीत होते. तिथे त्यांना घसारा भेटला. यंत्र दर वर्षी थोडंथोडं म्हातारं होतं, ते म्हातारपण खर्चात लिहायचं, ही कल्पना त्यांना इतकी आवडली की पुढचे आठ दिवस ते दिसेल त्या वस्तूला घसारा लावत सुटले. आमच्या पाट्या-वरवंट्याला लावला. माझ्या दातांना लावला. "दोन गेले, तिसरा हलतोय. नाना, तुम्ही हे कुठं लिहून ठेवत नाही?" असं जेवता जेवता विचारून त्यांनी माझा घास अडवला. वर्ष संपलं, मेळ बसला आणि पंत तिथूनही बाहेर पडले.

पण माणूस नुसता भटक्या नव्हता, हेही सांगायला हवं. त्याआधी ते एका कोळशाच्या वखारीत होते. दसऱ्याच्या सुमारास रानातून कोळशाची पोती येत, पौषात विकली जात, आणि विकताना वजन दर वर्षी कमी भरे. शेठचा संशय राखणदार राघोवर. राघो शपथा घेऊन थकला. "शेट, म्या कशाला घेऊ? माज्या घरी चूल लाकडावर जळते!" शेठ त्याला चौकीवर द्यायला निघाला होता. पंतांनी दोन महिने मागून घेतले. नुकतं दसऱ्याला आलेलं एक पोतं लाखेनं मोहोर करून स्वतःच्या घरात आढ्याला टांगलं आणि दर आठ दिवसांनी खाली उतरवून तोललं. घर काळं झालं, त्यांच्या कुटुंबाची, म्हणजे यमुनावहिनींची, वाळत घातलेली लुगडी काळी झाली, शेजारी म्हणून आम्हीही थोडे काळे झालो. पण पोतं दर आठवड्याला हलकं होत गेलं. कोळसा ओला येत होता आणि सुकून विकला जात होता. चोर कोणी नव्हताच.

त्या दिवशी पंतांनी वहीतल्या कमी भरलेल्या वजनाच्या आकड्याशेजारी पेन्सिलीचा एक बारीक ठिपका दिला. ही त्यांची जन्माची सवय. चूक सापडली की दुरुस्तीआधी तिच्याशेजारी ठिपका द्यायचा. मग शेठला म्हणाले, "मेळ बसला," आणि तिथून निघाले. त्यांच्यामागोमाग राघोही निघाला. त्यानं बैलगाडी केली, आणि पुढे पंतांचं बिऱ्हाड हलवायचा मान त्यानं कधी दुसऱ्याला दिला नाही. भाडं देऊ केलं तर म्हणे, "तुमाकडनं भाडं घेतलं तं बैल मला शिव्या देतील." चैत्र लागला की तो आपणहून दाराशी येऊन विचारी, "पंत, औंदा कुटं?"

ह्या प्रश्नाला घरात एकच माणूस भीत असे, यमुनावहिनी. मूलबाळ नव्हतं. त्या जिथं जात तिथं मागल्या दारी एक लिंबाचं रोप लावत. त्याला पाणी घालत, राख घालत, त्याच्याशी बोलत. आणि रोप कमरेएवढं झालं न झालं तोच राघोचे बैल दारात उभे राहत. "माझ्या लिंबांची लोणची साऱ्या तालुक्याच्या बरण्यांत आहेत, भाऊजी," त्या मला एकदा हसत म्हणाल्या. "माझी बरणी तेवढी रिकामी." त्या हसल्या खऱ्या, पण मला काही हसू आलं नाही.

पुढे माझी बदली खालापूरला झाली. सगळ्या नोकरीत एकदाच झाली, आणि त्या धसक्यानं मी आठ दिवस नीट जेवलो नाही. नवव्या दिवशी पाहतो तो शेजारच्या घरात पंत! तिथल्या एका लहानशा पतपेढीचं दफ्तर त्यांनी घेतलं होतं. मागल्या दारी सातवं लिंबू लावून झालं होतं. वहिनी रोपाला आळं करत होत्या. "ह्याचं लोणचं मात्र मी घालणार," त्या म्हणाल्या. माझ्याशी बोलत होत्या, पण ऐकवायचं होतं ते पंतांना. पंत अंगणात फेऱ्या मारत राहिले.

आणि पहिल्याच वर्षअखेरीला अघटित घडलं. पंतांचा मेळ बसला नाही. रोजकीर्द आणि खतावणी यांत एका आण्याची तफावत आली. दुसऱ्या वर्षी तोच आणा पुढे ओढून आला. तिसऱ्या वर्षी तोच. ज्यानं कोळशातलं पाणी शोधलं त्याला पेढीतला एक आणा सापडेना! कचेरीत लोक हसू लागले. "पंतांनाच आता घसारा लागला," असं कोणीतरी म्हणालं, आणि मला हे सांगायला लाज वाटते, पण मीही हसलो.

पेढीचे अध्यक्ष म्हणजे गावचे पाटील. त्यांनी खिशातून आणा काढून टेबलावर ठेवला. "घ्या पंत, आन् मिटवा!" पंत कडाडले, "पाटील, आणा भरून मेळ बसत नसतो. चूक सापडून बसतो." पाटलांनी आणा उचलला आणि मला गाठलं. "नाना, तुमी वह्या बघा. चूक गावली तं बरं, नाय तं आमी दुसरा मानूस बघतो. वरनं तपासनीस येनार हाय."

मी एका रविवारी तिन्ही वर्षांच्या वह्या घेऊन बसलो. दुपारच्या चहाआधी आणा सापडला. पहिल्याच वर्षी शाईचा खर्च रोजकीर्दीत पाच आणे आणि खतावणीत सहा. मला आनंद झाला. इतक्या वर्षांची टोमणेबाजी फेडायची संधी होती ती! मग मी वही उजेडाला धरली. त्या सहाच्या शेजारी पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता.

संध्याकाळी पंत रोज कुंभिवलीच्या वाटेनं झपाझप जात आणि तसेच परत येत. त्या दिवशी मी सोबत गेलो. निम्म्या वाटेवर म्हणालो, "पंत, शाई पाच आण्यांची होती."

पंत थांबले. चालता चालता थांबलेले पंत मी प्रथमच पाहिले.

"ठिपका पाहिलात?"

"पाहिला."

"चूक खरीच झाली हो, नाना. मुद्दाम नाही केली. सापडली तेव्हा खोडायला बोरू उचलला. तेवढ्यात ही मागल्या दारी लिंबाशी बोलताना ऐकू आली. त्याला म्हणत होती, 'तू घाई कर बाबा, इकडचा काही भरवसा नाही.'" "मेळ बसला की मला राहवत नाही. पाय आपोआप पेटी बांधायला लागतात. म्हटलं, ह्या खेपेला मेळच बसू द्यायचा नाही."

"लोक हसतात, पंत."

"हसतात ना. रोज ऐकतो."

मला फार वाईट वाटलं. ह्या माणसाची सगळी मिळकत म्हणजे त्याचं नाव, आणि ते त्यानं एका लिंबाच्या झाडापायी तीन वर्षं पणाला लावलं होतं.

सोमवारी मी पाटलांना सांगितलं, "आणा मला सापडला नाही." सरकारी नोकरीत मी खोटं बोललो ते एवढंच. "पण एक लक्षात घ्या पाटील, चोरी करणारा एक आणा चोरत नाही. तपासनिसाला मी सांगतो. हा माणूस सोडू नका." पाटील कुरकुरले, पण त्यांनी ऐकलं.

त्याच वर्षी चैत्रात लिंबाचं पहिलं फळ तयार झालं. वहिनींनी मोजून नऊ लिंबं उतरवली. एकाचं सरबत केलं आणि आठ बरणीत घातली. मी सरबताचा पेला हातात घेऊन ओसरीवर बसलो होतो. इतक्यात, खालापुरातून दर चैत्रात 'मेळ बसला नाही' एवढंच ऐकून परत जाणारी राघोची रिकामी गाडी येऊन उभी राहिली.

"पंत, औंदा कुटं?"

दारामागे बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"औंदा नाय रं, राघो," पंत त्याच्याच बोलीत म्हणाले.

राघोनं त्यांच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि गाडीचे बैल सोडले. पंत खांबाला धरून उभे होते. त्यांचा उजवा पाय तेवढा जमिनीवर हलतच होता.