भोपळ्यातले काजवे

एका जंगलात, बालमित्रांनो, ऐन उन्हाळ्यात पाणी आटायचं. तळं होतं, पण डोंगरापलीकडे. तिकडे जायला एकच वाट, डोंगराच्या पोटातली गुहा. आत इतका अंधार, की स्वतःच्या मिशा दिसू नयेत.

तरी सगळे रोज पाण्याला जायचे. पुढे चिचुंद्रीआजी. तिला तसंही दिसत नव्हतं, त्यामुळे अंधाराचं तिला काही वाटत नसे. मागच्याने पुढच्याची शेपटी तोंडात धरायची, अशी रीत होती. आजीची शेपटी वाघाच्या तोंडात, वाघाची हरणाच्या, हरणाची तरसाच्या. सशांची शेपटी धरण्याजोगी नसते, म्हणून त्यांचा कान धरायला परवानगी होती.

भीती सगळ्यांनाच वाटायची. पण तोंडात शेपटी असताना बोलणार कसं? त्यामुळे प्रत्येकाला वाटे, भित्रा काय तो मी एकटा, बाकीचे सगळे शूर आहेत. आणि सगळे पाणी पिऊन घरी यायचे.

एके दिवशी परमुलखातून कोल्हेसाहेब आले. त्यांनी रांग पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अरेरे! अजून अंधारात चाचपडताय? मी तुमच्यासाठी आशा आणली आहे."

आशा एका वाळक्या भोपळ्यात होती. भोपळ्याला भोकं पाडून आत शंभर काजवे कोंडले होते. टाळ्या कडाडल्या.

दुसऱ्या दिवशी भोपळा गुहेत नेला. उजेड झाल्यावर शेपट्या कशाला धरायच्या? सगळ्यांनी तोंडं मोकळी केली. मोकळं तोंड गप्प बसतं का कधी?

"ते वर काय लोंबतंय?"

"हाडं आहेत का ती?"

"बाई गं, छताला भेग!"

काजवे लुकलुकत होते. त्या उजेडात भिंतीवर दोन प्रचंड शिंगं नाचली. ते सशाचे कान होते, पण पाहायला थांबतो कोण? वाघाने सगळ्यांत आधी धूम ठोकली.

बाहेर आल्यावर कोल्हेसाहेब म्हणाले, "पाहिलंत? इतकी वर्षं तुम्ही कसल्या भयंकर अंधारात होता! आता मोठा भोपळा लागेल."

मग रोज सकाळी सभा. साहेबांचं भाषण दुपारपर्यंत चाले. ऐकणाऱ्यांच्या घशाला कोरड पडे. पाण्याला मात्र कुणी जाईना.

"अरे, तो भोपळा ठेवा बाजूला आणि शेपट्या धरा," चिचुंद्रीआजी म्हणाली.

"ही अंधाराची माणूस आहे!" तरस ओरडलं. आजीला सभेतून उठवलं. मला तर फार राग आला, पण गोष्ट सांगणाऱ्याला मत नसतं.

सशिणीची तीन पिल्लं तहानेने मलूल पडली होती. धाकटं तर डोळेही उघडेना. चौथ्या दिवशी सभा संपल्यावर ती त्यांना घेऊन गुपचूप आजीकडे आली.

"आजी, मला फार भीती वाटते हो."

"मलाही वाटते बाई. धर शेपटी."

सशिणीने शेपटी धरली. तिचा कान थोरल्याने धरला, त्याचा मधल्याने, मधल्याचा धाकट्याने. रांग पुढे सरकत राहिली.

पलीकडे ऊन लागलं, तळं चमकलं. पिल्लं पाण्यावर तुटून पडली. धाकटं मात्र जागचं हलेना.

"आई, माझा कान अजून कुणीतरी धरलाय."

सशिणीने वळून पाहिलं. मागे कोल्हेसाहेब होते. त्यांनी अलगद कान सोडला आणि ते पोटभर पाणी प्यायले.

"साहेब, तुम्ही?"

"रोजच असतात ते," आजी म्हणाली. "रोज माझी शेपटी धरून येतात. आज तुझी रांग लागली, म्हणून शेवटी उभे राहिले."

साहेबांनी मिशा पुसल्या. "कुणाला सांगू नका हं. लोकांची आशा मावळेल. आणि जरा लवकर निघू या परत, संध्याकाळी मोठ्या भोपळ्याचं उद्घाटन आहे."

तात्पर्य : आशेचा उजेड सगळ्यांना दाखवत राहावा. आपल्याला तहान लागली, की मात्र मुकाट्याने कुणाची तरी शेपटी धरावी.