विटकरी पँटमधला जावई

इंटरव्ह्यूचं पत्र आलं तेव्हा ज्ञानदेव घोडनदीच्या पाण्यात गुडघाभर उभा राहून म्हैस धूत होता. म्हैस हौसराव पाटलांची होती, पाणी नदीचं होतं आणि ज्ञानदेवाचं असं त्या चित्रात काहीच नव्हतं. पोस्टमनने काठावरून हाक मारली. हात कोरडे करून तो वर येईपर्यंत पत्र तिघांनी वाचलं होतं आणि चौथा ते उलटं धरून वाचत होता.

दौंडच्या मालधक्क्याजवळच्या एका वाहतूक कंपनीत माल-कारकुनाची जागा निघाली होती. सोमवारी अकरा वाजता हजर राहावे.

मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मॅट्रिक झालेला ज्ञानदेव दुष्काळी कामावर खडी फोडत होता. पाऊस आला आणि तेवढीही खडी उरली नाही. पुढच्या पाडव्यापासून त्याने हौसरावांकडे सालगडी म्हणून राहायचं, असं जवळजवळ ठरलं होतं. पाडवा बारा दिवसांवर होता. एकदा साल धरलं की दुसरं धरतं, मग तिसरं, आणि मॅट्रिकचं सर्टिफिकेट पत्र्याच्या पेटीत पिवळं पडतं, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून ते पत्र एकट्या ज्ञानदेवाचं राहिलं नाही, वस्तीचं झालं.

त्या काळी माणसांकडे वस्तू कमी होत्या, पण होत्या त्या साऱ्या आळीच्या होत्या. शिवाय म्हाळूमामा होता.

म्हाळूमामाने शिरूरच्या एका कचेरीत तीस वर्षं शिपायाची नोकरी केली होती. साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसून त्याने शेकडो उमेदवार आत जाताना आणि बाहेर येताना पाहिले होते. आत काय होतं ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. पण लग्न न केलेला माणूसच लग्न जुळवण्यात पटाईत असतो, तसा तो या विषयात पटाईत होता.

"दारावर दोनदा टकटक करायची," मामाने सुरुवात केली. "एकदा केली तर उंदीर वाटतो, तीनदा केली तर वसुलीवाला. बसा म्हनल्याबिगर बसायचं न्हाई. बसलं तरी पुरं बसायचं न्हाई, अर्धी खुर्ची साहेबाच्या मानाला सोडायची."

"आन् इचारलेलं आलं न्हाई तर?" ज्ञानदेवाने विचारलं.

"येऊ दे न्हाई तर न येऊ दे, साहेबाचं म्हननं खोडायचं न्हाई. साहेब म्हनला सूर्व्या मावळतीला उगावला, तर म्हनायचं, व्हय साहेब, आज त्याचा जरा घोटाळाच झाला."

"आन् कापडं?" विठाबाईने विचारलं. ती ज्ञानदेवाची आई. साऱ्या बैठकीत मुद्द्याचं बोललेली ती पहिलीच.

ज्ञानदेवाकडे एक सदरा बरा होता. पायजमा मात्र गुडघ्यावर इतक्यांदा शिवलेला होता, की मूळ कापड कुठलं हे सांगणं अवघड झालं होतं. तो शिरूरला जाऊन कापडवाल्याकडे पँटचं कापड उधारीवर मागून आला होता.

"देतो की," कापडवाला गोड बोलला होता. "नोकरी कुठं हाय?"

"नोकरीसाठीच तर पँट पायजेल, शेठ."

"मग नोकरी लागल्यावर या. उधारी नोकरीवाल्यालाच देतो."

पँट नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून पँट नाही. शेवटी शेजारचा पोपट उठला आणि आपली टेरिलिनची पँट घेऊन आला. ती त्याला सासऱ्याने लग्नात दिली होती. रंग पक्क्या विटेचा. चार शेतांपलीकडून दिसावी अशी.

"घाल. पन उकिडवा बसू नगंस," पोपट म्हणाला आणि पँटवरून असा हात फिरवला, की जणू लेक सासरी चाललीय.

बूट म्हाळूमामाने दिले. सरकारी, दोन नंबर मोठे. आणि घड्याळ खुद्द हौसरावांनी काढून दिलं. ते मनगटावर बांधताना ते म्हणाले, "नोकरी मिळाली तर चांगलंच हाय. न्हाई मिळाली तर आपलं ठरलंयच." त्यांना यातलं नेमकं काय हवं होतं ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"ध्यानात ठिव," मामाने शेवटचा मंत्र दिला. "उसनं आंगावर घालावं, डोक्यात घालू न्हाई."

सोमवारी पहाटे विठाबाई जात्यावर बसली. घरात चहापुरती साखर नव्हती, पण ओवी होती.

*उसनं पीठ बाई, शेजीच्या सुपाचं*
*लेकरू गं माझं मातुर, माझ्याच रूपाचं*

दौंडची एस.टी. आली तेव्हा न्हावऱ्याच्या स्टॉपवर पोपट उभा होता. घरातल्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात.

"तू कुठं?"

"दौंडला. बायकूचं औशीद आनायचंय."

मामालाही दौंडला पेन्शनीचं काम निघालं होतं. हौसरावांना खताची चौकशी करायची होती. औषध, पेन्शन आणि खत शिरूरला मिळत नव्हतं अशातला भाग नव्हता. पण आपली वस्तू परगावी निघाली, की माणसाचा पाय घरात ठरत नाही.

गाडीत ज्ञानदेव बसायला गेला, तर पोपट ओरडला, "बसू नगं! घडी मोडंल!"

तो उभा राहिला.

"उभा नगं राहू," मामा कळवळला. "बूट वाकत्यात. टाचंवर भार दे."

तो टाचेवर उभा राहिला. गाडीने हिसका दिला. त्याने वरचा दांडा धरला.

"त्या हातानं न्हाई!" हौसराव गरजले. "घड्याळाला धक्का बसतोय!"

न्हावऱ्यापासून दौंडपर्यंत ज्ञानदेव टाचांवर, एका हाताने लोंबकळत, न बसता आणि न वाकता गेला. कंडक्टरने तिकीट देताना मामाला हळूच विचारलं, "पेशंटला कुठल्या दवाखान्यात न्यायचंय?"

कंपनीच्या कचेरीसमोर ज्वारीच्या पोत्यांची थप्पी लागली होती. साडेदहा झाले होते. हे कळलं ते स्टेशनातल्या घड्याळावरून, कारण हौसरावांच्या घड्याळात केव्हापासून दहा वाजून पाच मिनिटंच झालेली होती. मामा ज्ञानदेवाकडून टकटक घोटून घेत होता, एवढ्यात पोपटचा चेहरा पांढरा पडला.

"मामा, सासरा!"

पोपटचा सासरा तात्याबा याच कंपनीत हमालांचा मुकादम होता, हे पोपटला माहीत होतं. पण आपला सासरा आजच, इथेच, समोरून येईल, हे त्याच्या औषधाच्या बेतात बसत नव्हतं. जावई सासऱ्याच्या गावात आला आणि तोही पट्ट्यांच्या पायजम्यात! पोपट गडप झाला तो थेट पोत्यांच्या थप्पीमागे.

तात्याबाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पोतं तो हाताने चाचपून ओळखायचा आणि माणूस रंगावरून. विटकरी पँट त्याने स्वतः दौंडच्या बाजारात निवडली होती. तो रंग त्याने लांबून पाहिला आणि दोन्ही हात पसरून आला.

"जयभीम जावईबापू! आवो, कळवायचं तरी!"

ज्ञानदेवाने थप्पीकडे पाहिलं. थप्पीवरून दोन हात जोडलेले दिसले. आता खरं सांगावं, तर सासऱ्याने दिलेली पँट पोपटने उसनी दिली हे उघडं पडतं. सासऱ्याचा अपमान, जावयाचा अपमान, पँटचाही अपमान. ज्ञानदेव पुटपुटला, "जयभीम, मामा."

तात्याबाने त्याला हाताला धरून समोरच्या टपरीत नेलं. चहा पाजला. वर क्रीमरोल चारला. "लेक बरी हाय का माझी?" असं विचारताना म्हाताऱ्याचे ते धुकटलेले डोळे ओले झाले, आणि ज्ञानदेवाच्या घशात क्रीमरोल अडकला.

"बरी हाय," तो म्हणाला. एवढं तरी खरं होतं; शेजारीच राहत होती.

तेवढ्यात कचेरीतून हाक आली. "माल-कारकुनाच्या जागेसाठी कोण आलंय? आत या!"

ज्ञानदेव उठला. दारावर दोनदा टकटक करायला हात उचलला, तोवर मागून तात्याबाने दार ढकलून दिलं.

"साहेब, ह्यो आमचा जावई हाय, पोपट! पोरगा लई गुनी. मी सांगतो, जागा ह्यालाच द्या."

टेबलामागचे साहेब चष्मा पुसत होते. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला, समोरचा अर्ज पाहिला आणि मग विटकरी पँट.

"अर्जावर नाव ज्ञानदेव आहे. मुकादम म्हणतात पोपट. तू नक्की कोण?"

साहेबाचं खोडायचं नाही. वडीलधाऱ्याचंही खोडायचं नाही. म्हाळूमामाच्या तीस वर्षांच्या अनुभवात दोघं एकाच वेळी वेगवेगळं बोलले, असं कधी झालं नव्हतं. 

"दुसऱ्याच्या नावावर इंटरव्ह्यूला आलास?" साहेबांचा आवाज चढला. "पोलीस चौकी इथून दोन मिनिटांवर आहे."

ज्ञानदेवाच्या डोळ्यांपुढे पाडवा आला. हौसरावांचा गोठा आला. तो सरळ उभा राहिला. सकाळपासून पहिल्यांदाच टाचांवर नाही, पुऱ्या पायांवर.

"साहेब, पँट पोपटची हाय. सासऱ्यानं लग्नात दिलेली. उजव्या गुडघ्याला यस्टीतला डाग पडलाय, त्यो धुऊन द्यायचाय. बूट म्हाळूमामाचं, डाव्यात वर्तमानपत्र कोंबलंय, काढून ठिवायचंय. घड्याळ हौसराव पाटलांचं. ते दहा पाचला बंद हाय, पन माझ्या हातावर पडलं न्हाई बंद. आलं तवाच बंद हुतं."

खिडकीबाहेरून हौसरावांचा आवाज आला, "अय ज्ञानबा, गावात बोलू नगंस हां!"

"आणि यात तुझं काय आहे?"

"सदरा माझा, साहेब. तिसरं बटन तेवढं पोपटच्या बायकूनं लावलंय." तो थांबला. "आन् नाव. ज्ञानदेव. ते कुनाकडनं आनलेलं न्हाई."

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बोलवा सगळ्यांना."

सगळे आले. मामाने बुटातलं वर्तमानपत्र ओळखलं. हौसरावांनी घड्याळ कानाला लावून उगाच मान डोलावली. शेवटी पोपट आला आणि पट्ट्यांच्या पायजम्यात तात्याबाच्या पाया पडला.

"ह्यो कोन?" तात्याबा डोळे बारीक करून म्हणाला.

"जावई हाय, मामा."

"जावई? मग क्रीमरोल खाल्ला त्यो कोन?"

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा पुसला. "माझ्या धक्क्यावर रोज तीनशे पोती येतात," ते म्हणाले. "कुठलं कुणाचं आणि कुठं उसवलंय, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. वर जो तो म्हणतो, आलं तेव्हाच फाटकं होतं. तुझं खरं निघालं. एक तारखेला ये. येताना स्वतःचा पायजमा घालून ये, पँटचा पसारा नको."

हौसरावांनी "वा!" म्हटलं, पण ते जरा उशिरा. बाहेर पडताना त्यांनी ज्ञानदेवाच्या खांद्यावर हात ठेवला. "आता सालानं कुनाला ठिवू रं मी?" असं म्हणाले खरे, पण तो हात मग टपरीपर्यंत तिथंच राहिला.

तात्याबाने पोपटला क्रीमरोल दिला, आणि म्हाताऱ्याची पक्की खात्री व्हावी म्हणून पोत्यांच्या थप्पीमागे पँट-पायजम्याची अदलाबदल झाली. ज्ञानदेव गावी परतला तो पट्ट्यांच्या पायजम्यात, अनवाणी, आणि गाडीत सबंध वाट खुशाल बसून.

विठाबाई उंबऱ्यात बसली होती. पोराचा अवतार पाहून तिचा जीव खालीवर झाला.

"लागली, आये. एक तारखेपासनं."

तिने पदर डोळ्यांना लावला. मग नाकाला लावला. मग चूल फुंकायला म्हणून आत वळली आणि परत बाहेर आली.

"काय काय इचारलं रं?"

"नाव इचारलं."

"आन्?"

"नावच, आये. घोळून घोळून तेच."

विठाबाईने कपाळाला हात लावला.

"आगं बया! दोन दिस म्हाळूनं तुझं डोस्कं खाल्लं ते ह्याच्यासाठी? नाव तर मी ठिवलंय. आन् नोकरी तुला?"